उशीकडचं फूल

यमुनाच्या हातून ठसा चुकतो असं नंदाखालात कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. बाई डोळे मिटूनसुद्धा चादर छापेल अशी तिची ख्याती. पण चुकत होतं, हे खरं. आणि ते तिच्याखेरीज शेडमध्ये तिच्या हाताखाली काम करणाऱ्या एकट्या मेरीला ठाऊक होतं. मेरीनं तोंडाला कुलूप घातलं होतं, कारण छपाईची शेड तिच्या नवऱ्याच्या केळीच्या वाडीत होती. भुताटकीची वाडी असं एकदा नाव पडलं की लग्नाळू पोरी तिथे पाऊल टाकत नाहीत, आणि गावाला तर नाव पाडायला निमित्तच लागतं.

यमुनाचा नवरा शत्रुघ्न नगरकडचा, पिढीजात रंगारी. किनाऱ्याच्या या पट्ट्यात निम्म्या विहिरी मचूळ, पण या वाडीतल्या विहिरीचं पाणी गोड निघालं, म्हणून तो इथेच थांबला. रंगाऱ्याला गोड पाणी मिळालं की त्याला दुसरं काही दिसत नाही. बिऱ्हाड मात्र विरारला, फुलपाड्यात, चार मजले चढून. शत्रुघ्न गेल्यावर लोकांना वाटलं होतं, आता शेडला टाळं लागणार. यमुनानं तेरावा झाला तशी एसटी पकडली आणि ठशांना तेल लावायला बसली.

त्यांचं काम जुन्या पद्धतीचं. आधी रेघेचा ठसा. गंजकं लोखंड आणि गूळ कुजवून केलेल्या काळ्यात तो बुडवायचा आणि कापडावर फुलांच्या नुसत्या कडा उठवायच्या. मग त्या कडांच्या पोटात भरणीचा ठसा. त्या भरणीत रंग नसतोच. असते ती तुरटी, चिंचोक्याच्या खळीत कालवलेली, आणि कुठे लागली ते डोळ्यांना दिसावं म्हणून चिमूटभर गेरू. अशी फिकट चादर वाळवून, धुऊन मंजिष्ठेच्या हंड्यात उकळली की जिथे तुरटी बसली तिथे तांबडा चढतो. गेरू तर धुण्यातच निघून जातो. म्हणून कोणाचा हात कसा पडला हे टेबलावर कळत नाही, हंड्यातून चादर वर आली की कळतं.

शत्रुघ्नच्या आईपासून या घरात एक रीत होती. लग्नाचा पलंगपोस छापताना पायाकडच्या कोपऱ्यातलं एक फूल रिकामं ठेवायचं. ते नवरीनं भरायचं. मग नवरी आईला, मावशीला, कधी शेजारणीला घेऊन यायची, हात स्वच्छ धुवायची आणि तुरटीत बुडवलेला ठसा त्या फुलावर ठेवून तळव्याच्या टाचेनं ठोका द्यायची. तिचा हात लागल्याशिवाय चादर हंड्यात जात नसे. कोपऱ्यातलं ते एक फूल हमखास वाकडं निघायचं, आणि पोरींना तेवढंच आयुष्यभर आवडायचं.

सहा वर्षांपूर्वी अर्नाळ्याची ग्रेसी आली. कार्मिन मासळीवालीची पोर, उंच, जिभेला हाड नसलेली. तिच्या पलंगपोसाची छपाई पुरी होत आली होती. यमुनानं पायाकडचा कोपरा दाखवला तर ही म्हणाली, पायाशी कशाला, मला उशीकडचं पाहिजे, सकाळी डोळे उघडले की समोर दिसलं पाहिजे. आणि तिनं वरच्या ओळीतल्या तिसऱ्या फुलावर बोट ठेवलं. यमुनाला रीत मोडायची नव्हती, पण पोरीच्या तोंडाकडे बघून ती विरघळली. तिनं कोपऱ्यातलं फूल स्वतः भरलं आणि उशीकडचं तिसरं मोकळं सोडलं.

नेमकी ग्रेसी बोंबील साफ करून तशीच आली होती. मासळीचा ओशटपणा कापडाला लागला की तिथे तुरटी धरत नाही. तेव्हा ती म्हणाली, रविवारी चर्चात मिस्सा झाला की चांगले हात धुऊन येते. क्षितिजा, यमुनाची मुलगी, तेव्हा अकरावीत होती आणि शाळकरी पोरीसारखी टेबलाशी घुटमळत होती. ग्रेसीनं जाताजाता तिची वेणी ओढली आणि सांगितलं, तुझ्या लग्नात मी नाचायला येणार.

रविवारी ग्रेसी आली नाही. कावीळ झाली म्हणून कळलं, आणि पुढचा रविवार उजाडायच्या आत अर्नाळ्याच्या चर्चची मयताची घंटा वाजली. कार्मिन पलंगपोस न्यायला फिरकली नाही. यमुनानं तो न उकळताच घडी करून पेटीत ठेवला. दुसऱ्याच्या नवरीचं फूल आपण कोण भरणार, असं तिला वाटलं.

त्या दिवाळीनंतर वटारच्या एका मुलीचा पलंगपोस हंड्यातून निघाला आणि यमुना बघतच राहिली. सगळी फुलं तांबडीलाल, नवरीचं कोपऱ्यातलंसुद्धा, आणि उशीकडच्या ओळीतलं तिसरं पांढरं. नुसती काळी कड आणि आत काही नाही. तिला पक्कं आठवत होतं की तिनं तिथे ठसा ठेवला होता, ठोका दिला होता, गेरूचा डाग डोळ्यांनी पाहिला होता. ते फूल तिनं पुन्हा भरलं, चादर पुन्हा उकळली, आणि फूल पुन्हा पांढरं निघालं. मुलगी भोळी होती, तिला वाटलं ही नवीन नक्षी.

पुढच्या चादरीला तेच, त्याच्या पुढच्या चादरीलाही तेच. यमुनानं टेबलावरचं गोणपाट बदललं, तुरटी दुसऱ्या दुकानातून आणली, चादर उलट्या बाजूनं लावली, भरणीचा ठसासुद्धा नवा कोरून घेतला. साप साप म्हणून भुई धोपटून झाली. शेवटी एका चादरीची भरणी तिनं मेरीला करायला लावली, आणि ती चादर धडधाकट निघाली. तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्या दिवसापासून लग्नाच्या चादरींची भरणी मेरी करू लागली. घरगुती चादरी, पडदे, टेबलावरची कापडं यमुनाच्या हातून नीट निघत. लग्नाची असली की तिचा हात त्या एका जागी पोकळ पडायचा.

बाकीही होतंच. दुपारी मेरी जेवायला घरी गेली आणि शेडमध्ये केळीच्या पानांची सळसळ तेवढी उरली की सुकटाचा वास यायचा. विहिरीवर जाऊन परत यावं तर तुरटीच्या थाळीतल्या कापडी गादीवर भरणीच्या ठशाची ताजी खूण असायची, कुणीतरी आत्ताच ठसा बुडवून उचलल्यासारखी. ठसा मात्र फळीवर, कोरडा. यमुना आधी घाबरली. मग सवय झाली. ग्रेसीच असेल, बसेल पोरगी घटकाभर, आपलं काय नेते, असं ती मनाशी म्हणायची. नवरा गेलेला, मुलगी दिवसभर मुंबईत नोकरीला. खरं सांगायचं तर दुपारी शेडमध्ये कुणीतरी आहे याचं तिला बरंच वाटायला लागलं होतं.

पण क्षितिजाचं लग्न ठरलं आणि तिची झोप उडाली. मुलगा कल्याणचा, भला, वैशाखातला मुहूर्त. रंगाऱ्याच्या घरात लेकीचा पलंगपोस या कडेपासून त्या कडेपर्यंत आईनंच छापायचा. नवरीच्या एका ठोक्याखेरीज त्याला परका हात लागायचा नाही. यमुनाचा स्वतःचा तिच्या आईनं तसाच छापला होता, तिच्या सासूनंही आपल्या तिन्ही मुलींचे तसेच छापले होते. मेरी म्हणाली की मी गुपचूप भरते, देवाला काही कळत नाही. यमुना म्हणाली, देवाचं सोड, मला कळेल.

तिनं आधी मांजरपाटाच्या तुकड्यावर चाचणी केली. लेकीचं नाव मनात घेऊन उशीकडची एक ओळ छापली, वाळवली, उकळली. तिसरं फूल पांढरं. यमुना तो तुकडा हातात धरून विहिरीच्या कठड्यावर बसली. इतकी वर्षं परक्यांच्या चादरींवर मेरीचा हात फिरला होता. आता तिच्या पोटच्या पोरीच्या बिछान्यावर, नेमकं डोकं टेकायच्या ठिकाणी, मेलेल्या नवरीनं जागा मागितली होती. ग्रेसीचंही लग्न ठरलेलंच होतं. तिच्याही घरी पत्रिका वाटून झाल्या होत्या.

क्षितिजा शिकलेली, तिला असलं काही सांगायची सोय नव्हती. तरी आईचा उतरलेला चेहरा बघून तिनं खोदून खोदून विचारलं आणि ऐकल्यावर हसली. हाताच्या शिरेचं काही असेल, सवयीनं तिथे जोर कमी पडत असेल, डॉक्टरला दाखवू, असं म्हणाली. मग यमुनानं तुकडा तिच्या पुढ्यात टाकला. क्षितिजानं तो उजेडात धरला, बोटानं ते फूल चाचपलं आणि तिचं हसू हळूहळू मावळलं.

"आई," ती म्हणाली, "ग्रेसी म्हणाली होती ना, नाचायला येणार म्हणून."

दुसऱ्या दिवशी यमुनानं पेटीतून ग्रेसीचा पलंगपोस काढला. पत्रिकांच्या पिशवीत तो आणि चाचणीचा तुकडा घातला, भरणीचा ठसा फडक्यात गुंडाळून घातला, डब्यात तुरटी घेतली आणि अर्नाळ्याची एसटी पकडली. तिचा विचार साधा होता. नवरी नाही, तर नवरीच्या आईनं ते फूल भरावं. भरलं की पोरीचं इथलं काम संपेल, आणि ती क्षितिजाची उशी सोडील.

कार्मिन किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. सहा वर्षांत बाई निम्मी झाली होती. यमुनानं काही न बोलता पलंगपोस तिच्या पुढ्यात धरला. कार्मिननं लुगड्याला हात पुसले, पण कापडाला हात लावला नाही, फक्त वाकून पाहिलं. काळ्या कडा, फिकट गेरू, आणि उशीकडचं तिसरं फूल मोकळं. तिनं ते मोकळं फूल पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं. यमुनाला वाटलं, हरवलेलं माणूस घरी बसलेलं दिसलं की चेहरा असा होतो.

"तू भरलं नाय," कार्मिन म्हणाली. "मला वाटलं व्हतं, भरून कोनाला देऊन टाकलं असशील. मी आठवड्यातून दोनदा मासली घेऊन तुज्या शेडवरनं जाते, बाय. कदी वललेच नाय आत. भरलेलं दिसलं असतं तं? मी काय म्हनते, ते फूल रिकामं हाय तवर माज्या पोरीचं हितं कायतरी काम हाय. काम हाय तवर ती येनार. भरलं का संपलं."

यमुनानं पिशवी मागे ओढली. पिशवीत ठसा होता, डब्यात तुरटी होती, आणि मागायचं ते एवढंच होतं की बाई, माझी पोर वाचावी म्हणून तुझी सोड. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. दोघींचंही जळत होतं, आणि विझवायला पाणी एकीपुरतंच होतं. कार्मिननं विचारलं, मग इतक्या वर्षांनी आज कशी आलीस. यमुना खोटं बोलली. क्षितिजाचं लग्न आहे, बोलवायला आले, म्हणाली आणि पत्रिकेसाठी पिशवीत हात घातला.

पत्रिकेबरोबर मांजरपाटाचा तुकडा बाहेर आला आणि वाळूवर पडला. कार्मिननं तो उचलला. तांबड्या फुलांच्या ओळीत तिसरं पांढरं. तिनं एकदा तुकड्याकडे पाहिलं, एकदा पलंगपोसाकडे, आणि पिशवीतून डोकावणाऱ्या ठशाच्या मुठीकडे पाहिलं. मग तुकड्याची नीट घडी करून तो परत दिला आणि चहा घेऊन जा म्हणाली. पलंगपोस तिनं ठेवून घेतला.

परतताना यमुनाला रडू आलं. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, तर वाऱ्यानं डोळ्यांत वाळू गेली म्हणाली. लेकीसाठी हात पसरायला गेलेली आई रिकामी परत आली होती, आणि तरीही मागितलं नाही याचा तिला पश्चात्ताप होत नव्हता. भीती मात्र तसूभरही कमी झाली नव्हती.

क्षितिजाचा पलंगपोस तिनं ठरलेल्या दिवशी घेतला. रेघा उठवल्या, भरणी सुरू केली. मेरी दाराशी बसून होती, मध्ये आली नाही. उशीकडची ओळ आली. पहिलं फूल, दुसरं फूल. तिसऱ्यापाशी यमुनाचा हात थांबला. आजवर ती तिथे ठोका देत होती आणि कुणीतरी तो पुसत होतं. या वेळी तिनं ठोका दिलाच नाही. हिसकून घेण्यापेक्षा मीच देते, ती पुटपुटली, पण माझ्या पोरीला सांभाळ. आणि हात उचलून चौथ्या फुलावर गेली.

रविवारी क्षितिजा नवरीचं फूल भरायला शेडमध्ये आली. तिनं हात धुतले, पायाकडच्या कोपऱ्यात ठसा ठेवला, ठोका दिला. नेहमीप्रमाणे वाकडा. त्यावर मेरी तिला चिडवत होती, तोच बांधावरून कार्मिन येताना दिसली. मिस्साला नेसायचं कोरं लुगडं, हातांना साबणाचा वास, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली घडी. ती आत आली आणि टेबलावर पसरलेला क्षितिजाचा पलंगपोस बघत उभी राहिली. मग उशीच्या बाजूला जाऊन तिसऱ्या मोकळ्या फुलाशेजारी तिनं तळवा टेकला.

"ही माज्या ग्रेसीची जागा," ती म्हणाली. "तू ठेवलीस?"

यमुनानं मान डोलावली. कार्मिननं ग्रेसीच्या पलंगपोसाची घडी उलगडून दुसऱ्या टोकाला पसरली आणि म्हणाली, पोरीला काय पाहिजे ते आपल्या आयशीकडं मागायचं, दुसऱ्याच्या पोरीच्या उशाशी जाऊन नाय बसायचं. ठोका कसा देतात ते दाखव. यमुनाला नको म्हणावंसं वाटलं. ज्यासाठी ती अर्नाळ्यापर्यंत गेली होती तेच समोर चालून आलं होतं, आणि तिचा हात ठसा द्यायला पुढे होईना. शेवटी क्षितिजानंच ठसा तुरटीत टेकवला आणि कार्मिनच्या हातात दिला.

कार्मिननं ठसा फुलावर ठेवला. पोरीचं तोंड पुसावं तसा डावा तळवा कडेनं फिरवला आणि उजव्यानं ठोका दिला. उचलल्यावर म्हणाली, आता तुज्या लेकीचं भर, बाय. यमुनानं भरलं.

कापडं वाळली, धुतली गेली आणि दोन्ही एकाच हंड्यात उकळली. कार्मिन जागची हलली नाही. यमुनानं काठीनं आधी क्षितिजाची चादर उचलली. उशीकडचं तिसरं फूल तांबडं होतं, शेजारच्या फुलांसारखंच. मग ग्रेसीची वर आली. सहा वर्षं मुरलेल्या तुरटीवर रंग इतका गडद चढला होता की मेरीनं क्रूसाची खूण केली. एकही फूल पांढरं उरलं नव्हतं. दोरीवर घातलेल्या त्या ओल्या चादरीसमोर कार्मिन उभी राहिली, आणि तिनं कुणाकडेही न बघता विचारलं, "आता ती कुटं?"

मेरीनं आत जाऊन उगाचच चूल सारखी केली.

लग्न नीट पार पडलं. वरातीत बँडसमोर कार्मिन नाचली. कल्याणच्या मंडळींना ही कोण कळेना, आणि क्षितिजा तिच्याकडे बघून हसत होती नि रडत होती. पोरगी सुखाची नांदू लागली. फोनवर सांगायची, पलंगपोस रोज घालते, आई, काळजी करू नकोस.

यमुनाचा हातही साफ झाला. लग्नाच्या चादरी ती पुन्हा स्वतः भरू लागली, आणि एकही फूल चुकत नव्हतं. दुपारी थाळीतल्या गादीवर खूण नसायची. सुकटाचा वास यायचा तो वाऱ्याबरोबर, गावातून. संध्याकाळी फुलपाड्यात चार मजले चढून कुलूप उघडायचं, तिथेही कुणी नाही. भीती गेली ते बरंच झालं, असं ती मेरीला सांगायची, पण भीती गेली त्या जागी दुसरं काही आलं नव्हतं.

कार्मिन अजून आठवड्यातून दोनदा वाडीवरून जायची. आताही आत वळत नसे. एकदा यमुनानं पाहिलं, ती बांधावर टोपली डोक्यावर घेऊन उभी राहिली, शेडकडे बघत राहिली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी यमुनानं एक पलंगपोस छापायला घेतला. नवरीचा नव्हता, कुणाच्या मागणीचाही नव्हता. उशीकडच्या ओळीत ती तिसऱ्या फुलापाशी आली आणि हात उचलून पुढे गेली. मेरी म्हणाली, यमुनाताई, भरायचं राहिलं. यमुना म्हणाली, असू दे. ती चादर तिनं उकळली नाही, पेटीतही टाकली नाही. टेबलाच्या बांधाकडच्या टोकाला पसरून ठेवली, रस्त्यावरून दिसेल अशी.

आठवडा सरायच्या आत कार्मिन आत वळली. टोपली बाहेर ठेवली, विहिरीवर जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि येऊन त्या मोकळ्या फुलावर तळवा ठेवून बसली. यमुना आपलं काम करत राहिली. दुपार टळेपर्यंत दोघी तशाच होत्या.

"हंड्यात कदी टाकनार ही?" उठताना कार्मिननं विचारलं.

"ती आली की," यमुना म्हणाली.

कार्मिननं मान डोलावली, टोपली डोक्यावर घेतली आणि जाताना मेरीच्या ताटलीत चार मांदेली ठेवून गेली.